बैलाच्या तोंडून

"हरण्या, तिला इचार, तहान लागली का?"

चाळीसच्या सालातला तो आवाज अजून माझ्या कानात आहे; त्या गाडीत मागं बसलेलं पोर होतो मी. विंझरच्या वाटेवर आंब्याच्या सावलीत गाडी सोडली होती, आणि नवरा बैलाला विचारत होता. बायको शेजारीच बोचकं मांडीवर घेऊन बसलेली, माहेरी निघालेली.

"हरण्या, सांग त्यास्नी, तहान न्हाई."

"अरं कुंडलिका, मधी बैल कशाला? ती हितंच बसलीय की!" गाडीतली म्हातारी रतनआत्या हसली.

"सवय, आत्या. आय असताना तिच्यापुढं बायकुशी कसं बोलायचं?"

"आय जाऊन वरीस झालं. आता कुनाला लाजतुयास? हरण्याला?"

"हरण्या, सांग आत्यास्नी," बायको म्हणाली, "तहान-भूक येवढंच बोलनं उरलंय. सासूबाई गेल्यापास्नं हे भिंतीकडं बघत बसत्यात. घरात मी हाय का उतरंड, काय फरक न्हाई. मी आता परत यायची न्हाई."

"ऐकलंस का, कुंडलिका? का हरण्यानं सांगाय पायजे?"

"ऐकलं."

"मग बोल की तिच्याशी! त्या मुक्या जनावराला किती राबवशील?"

तो कासरा हातावर गुंडाळत राहिला, पुन्हा सोडत राहिला. मग बैलाकडं पाठ करून तिच्यासमोर खाली बसला.

"साळू, बोलाय तोंड उघडलं की मला रडू येतंय बघ. गडी मानूस रडला तर तू हसशील, म्हनून गप ऱ्हायलो. एकट्याला घर खायाला उठतंय. जाऊ नगंस."