काटकसर एका कानाची

कानाच्या डॉक्टरांकडे माझा नंबर यायला वेळ होता. समोरच्या बाकावर एक म्हातारे सुतार आणि त्यांची मुलगी बसली होती. सुतारांना कमी ऐकू येत असल्यानं दोघांचं बोलणं सगळ्या खोलीला ऐकू येत होतं.

"एकाच कानाचं यंत्र घेऊ."

"बाबा, डॉक्टर दोन्ही म्हणालेत."

"त्यांचं काय जातंय? काटकसर म्हणून काही असतं की नाही?"

"याला काटकसर नाही म्हणत. चिकटपणा म्हणतात, तोही फक्त स्वतःपुरता. माझ्या शिक्षणाच्या वेळी कुठं गेली होती ही काटकसर?"

"तिथं करायची नसते. फळी मापात कापली, तुकडा वाया घालवला नाही, ती काटकसर."

"आणि टेबलाला चौथा पायच लावला नाही तर?"

"ती गिऱ्हाइकाची फसवणूक."

"मग इथं कुणाला फसवताय? माझी चिमी डाव्या बाजूला बसून बोलते तेव्हा तुम्ही नुसते हसता."

"लहान आहे ती. तिला काय कळतंय?"

"काल विचारत होती, आजोबांना माझ्या गोष्टी आवडत नाहीत का?"

"असं म्हणाली?"

"हो."

तेवढ्यात नर्सनं दारातून हाक मारली.

"आजोबा, कुठल्या कानाचं माप घ्यायचं?"

"दोन्ही. आणि जरा लवकर द्या, बाई. घरी एकीचं बरंच ऐकायचं राहिलंय."