गोष्टीपुरता उजेड

दिव्यांच्या दुकानात माझ्या पुढे एक आजोबा आणि त्यांची सून उभी होती. नातीच्या खोलीसाठी दिवा निवडणं चाललं होतं.

"हा मंद पिवळा घ्या, आजोबा. पोरांना लवकर झोप लागते."

"अहो, पण मग गोष्ट कशी सांगू?"

"गोष्ट काय, अंधारातही सांगता येते की!"

"आमच्या नातीला ऐकू येत नाही हो. ती माझे ओठ वाचते. दिवा मालवला की मी मुका."

"म्हणून बाबा ट्यूबलाइट लावून गोष्ट सांगतात, आणि पोरगी मग टक्क जागी!"

"मग हा मान वळणारा दिवा बघा. पलंगावर अंधार, उजेड फक्त तुमच्या तोंडावर."

"लावा बघू. सूनबाई, तू समोर बस. आवाज न काढता बोलतो... कळलं?"

"नाही, बाबा."

"दिवा जरा जवळ घ्या. आता?"

"अंहं."

"म्हणजे दिव्यातच खोट आहे."

"दिव्यात नाही, बाबा, मिशीत! वरचा ओठ दिसतच नाही तुमचा."

"काहीतरीच! नातीनं कधी तक्रार केली नाही."

"माझ्याकडे केली. वर म्हणाली, आजोबांना सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल. अर्धी गोष्ट ती मनानंच रचते."



"आजोबा, मग हाच बांधून देऊ ना?"

"द्या. आणि इथे जवळपास न्हाव्याचं दुकान कुठे आहे हो?"