चार मिलिमीटर

संस्कृती: ...एवढंच म्हणा चाचा, की चाकात दोष होता. बाकी काही बोलू नका तुम्ही.

जहांगीर: आणि चाक कुणी बांधलं होतं?

संस्कृती: तुम्हीच.

जहांगीर: मग दोष कुणाचा झाला?

संस्कृती: एकदाच म्हणायचंय. घरातल्या घरात राहील. पप्पा बाहेर कुणाला सांगणार नाहीत, ते मी बघते.

जहांगीर: बेटा, तुझ्या ग्रुपमधली अकरा पोरं माझ्या हातच्या चाकांवर दौलताबादचा घाट उतरतात. उद्या सायलीचे वडील दारात येतील, म्हणतील आमचंही चाक खोला. काय सांगू मी त्यांना? एकतीस वर्षं झाली या दुकानाला.

संस्कृती: पप्पा अर्ध्या तासात इथं येतायत. तुम्हाला जाब विचारायला.

जहांगीर: कशाचा जाब? तीन आठवडे झाले तुला पडून. आज कुठून आठवलं?

संस्कृती: सायलीनं मी पडले तिथंच एक फोटो काढला होता. काल तो घरच्या फोनवर आला. पुढचं चाक, तीन तारा तुटलेल्या. मी इतके दिवस सांगत होते की चूक माझीच, उतारावर सायकल लई जोरात सोडली. त्यावर पप्पांनी ठरवूनच टाकलं होतं, सायकल विकायची आणि तू परत बसायचं नाय. काल फोटो बघितला आणि म्हणाले, चाकच कच्चं होतं, मी पोरीला उगाच बोललो. चाकाची चूक असली तर सायकलवर बस म्हणाले.

जहांगीर: म्हणजे मी खोटं बोललो की तू सायकलवर.

संस्कृती: डिसेंबरमध्ये निवड चाचणी आहे, चाचा. तोपर्यंत खांदा बरा होतो म्हणाले डॉक्टर.

जहांगीर: चाकामुळं पडली नाहीस तू. तारांमध्ये ब्रेकचं रबर घुसलं, म्हणून तारा तुटल्या. चाक जागच्या जागी अडकलं आणि तू पुढं फेकली गेलीस.

संस्कृती: माहितीये मला. रस्त्यावर पडले होते तेव्हाच बघितलं. रबर तारांत अडकलेलं होतं, सायलीच्या फोटोत ते आलं नाही.

जहांगीर: आणि का घुसलं, तेही माहितीये?

संस्कृती: थोडंफार.

जहांगीर: मग पूर्ण ऐक. तुझी फ्रेम जुनी, मोठ्या चाकाची. आपण तिच्यात हल्लीचं, जरा लहान चाक टाकलं, तर रिम थोडी खाली गेली. त्यानं काही बिघडत नाही, फक्त ब्रेकचे दोन्ही हात लांब लागतात. तुझा जुना ब्रेक तसला होता. हा नवा दिसायला भारी, पण हात आखूड. रबर रिमपर्यंत पोचतच नव्हतं, टायरला घासत होतं. मग कुणीतरी रबराच्या बोल्टची खाच कानशीनं खाली वाढवली, चार मिलिमीटर. खाली नखाएवढी भिंत उरली. तू घाटात जोरात ब्रेक दाबलास, भिंत फुटली, रबर सुटलं.

संस्कृती: कुणीतरी.

जहांगीर: नाव मी विचारत नाही. इतकी सरळ कानस चालवणारा माणूस या शहरात शोधावा लागत नाही मला.

संस्कृती: मोडकी सायकल इथं आणली त्या दिवशीच तुम्हाला कळलं होतं. मग तीन आठवडे बोलला का नाहीत?

जहांगीर: तू बोलली नाहीस म्हणून.

संस्कृती: चाचा, वाळूजच्या कंपनीतली लाईन बंद झाली, पप्पांचं काम गेलं ना, तेव्हापासून ते भिंतीकडं तोंड करून झोपायचे. आठ महिने. मम्मी ताट ठेवायची आणि तसंच उचलायची. मग माझ्या वाढदिवसासाठी त्यांनी हा ब्रेक मागवला. स्वतः, मोबाईलवर, मला पत्ता लागू न देता. पार्सल आलं त्या दिवशी दाढी केली. माळ्यावरून कानशींची पिशवी काढली. दुपारभर ओट्यावर बसून काम करत होते आणि शिट्टी वाजवत होते. मी त्यांना शिट्टी वाजवताना जन्मात ऐकलं नव्हतं.

जहांगीर: मग ब्रेकच खराब आला होता म्हण ना. माझं चाक कशाला मधे?

संस्कृती: मग ते ब्रेक हातात घेतील. सव्वीस वर्षं माल तपासायला होते ते. एका नजरेत ओळखतील. त्यांना तो दिसलाच नाही पाहिजे.

जहांगीर: हौ. म्हणजे गुन्हा कबूल पण मीच करायचा आणि पुरावा लपवायचा तोही मीच.

संस्कृती: आले. त्यांच्या गाडीचा आवाज आहे. चाचा, पाया पडते तुमच्या.

(जहांगीर तुटका ब्रेक उचलून हत्यारांच्या खणात टाकतात. बद्रीनाथ आत येतात.)

बद्रीनाथ: तू इथं कशी? मी म्हणलं होतं ना, मी एकटा जातो.

संस्कृती: रिक्षानं आले.

बद्रीनाथ: बरं झालं. तुझ्या समोरच होऊ दे. जहांगीरभाई, चाक दाखवा.

जहांगीर: आधी बसा बद्रीभाऊ. चहा सांगतो.

बद्रीनाथ: चहा नको. माझी पोरगी घाटात तोंडावर पडली. मागून एखादा ट्रक असता तर आज मी कुठं बसलो असतो, सांगा. चाक दाखवा.

जहांगीर: हे घ्या.

बद्रीनाथ: हे तुम्हीच बांधलं?

जहांगीर: मीच.

बद्रीनाथ: तीन तारा गेल्यात. मंग बोला.

संस्कृती: पप्पा, चाचांनी मला आत्ताच सांगितलं. त्यांच्याकडून राहून गेलं.

बद्रीनाथ: त्यांना तोंड हाय. त्यांच्या तोंडून ऐकू दे.

जहांगीर: हौ, भाऊ. राहून गेलं माझ्याकडून.

बद्रीनाथ: काय राहिलं?

जहांगीर: तारांचा ताण. एका बाजूला कमी पडला असेल.

बद्रीनाथ: कोणत्या बाजूला?

जहांगीर: डाव्या.

बद्रीनाथ: तुटल्यात त्यातल्या दोन उजव्या हायेत.

संस्कृती: पप्पा, आता त्यांनी मान्य केलंय ना. कशाला ताणताय?

बद्रीनाथ: तू थांब जरा. जहांगीरभाई, सव्वीस वर्षं मी लोकांच्या चुका धरल्या. ज्याची चूक असती, तो आधी भांडतो. शिफ्टवर ढकलतो, मशीनवर ढकलतो, शेवटी कबूल होतो. तुम्ही तर मी बसायच्या आत कबूल झालात. मला कबुली नको, कारण पाहिजे.

जहांगीर: कारण सांगितलं की.

बद्रीनाथ: ताणानं तार गेली तर टोकाशी जाती. ही बघा, मधोमध वाकून तुटलीय. ही पण. ही तिसरी पण. चाक फिरत असताना मधी काहीतरी घुसलंय. ब्रेक कुठं हाय?

संस्कृती: टाकून दिला.

बद्रीनाथ: कुणी?

संस्कृती: मी.

जहांगीर: मी टाकला, भाऊ. भंगारात.

बद्रीनाथ: कोणीतरी एकानं बोला.

जहांगीर: जाऊ द्या ना. नवं चाक मी बांधून ठेवलंय. पोरगी जिवंत आहे, हसतीये, खातीये. कशाला त्या तुकड्याच्या मागं लागता?

बद्रीनाथ: ब्रेक द्या.

संस्कृती: देऊ नका, चाचा.

बद्रीनाथ: संस्कृती, माझ्याकडं बघ. काय लपवतीस तू माझ्यापासून?

संस्कृती: काही नाही. घरी चला. मी नाही बसत सायकलवर. विकून टाका तुम्ही, खरंच विका. चला.

बद्रीनाथ: काल रात्री निवड चाचणीचं नाव काढलं तर तुला रडू आलं. आन आता विका म्हणतीस.

जहांगीर: बस बेटा. हे आता आपल्याच्यानं व्हायचं नाही. घ्या भाऊ. पण आधी त्या स्टुलावर बसा आणि मग बघा.

बद्रीनाथ: हा फुटलाय.

जहांगीर: हौ.

बद्रीनाथ: खाचेच्या तळाला फुटलाय. आन ही खाच...

संस्कृती: पप्पा.

बद्रीनाथ: ही कानस माझी हाय. रेघा बघा, एक वाकडी नाय. मोजायला व्हर्नियर हाय का तुमच्याकडं?

जहांगीर: राहू द्या आता.

बद्रीनाथ: हाय का नाय?

जहांगीर: हे घ्या.

बद्रीनाथ: दीड. दीड मिलिमीटर भिंत ठेवली मी अल्युमिनियमला. बोल्ट मोजला होता मी. रिमची रुंदी मोजली. नट पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात बसतो का बघितलं. सगळं बरोबर आलं, एक हातच तेवढे आखूड. मला वाटलं, चार मिलिमीटर तर हाय, आपल्या हातचं काम हाय.

जहांगीर: खोक्यावर लिहिलेलं असतं, भाऊ. एकोणचाळीस ते एकोणपन्नास. म्हणजे ब्रेक चिमट्याला बसतो त्या बोल्टपासून खाली रबर किती मिलिमीटर पोचतं, ते.

बद्रीनाथ: ते मी वाचलं होतं. मला वाटलं मॉडेलचा नंबर असल.

जहांगीर: परत पाठवायचा होता.

बद्रीनाथ: दुसऱ्या दिवशी वाढदिवस होता. आन जहांगीरभाई, दुसऱ्याचा माल मी आयुष्यभर परत पाठवला. असला तुकडा लाईनवर आला असता तर लाल रंग मारून बाजूला फेकला असता. बनवणाऱ्याला चार लोकांत बोललो असतो. आन हाच तुकडा मी माझ्या पोरीला दिला, घाट उतरायला.

संस्कृती: मी पण जोरात होते पप्पा. जरा हळू असते तर...

बद्रीनाथ: गप. आता माझी बाजू घेऊ नको. तुला कधी कळलं?

संस्कृती: रस्त्यावरच.

बद्रीनाथ: तीन आठवडे मी तुला बेफाम म्हणलो. पाव्हण्यांसमोर म्हणलो. तुझ्या आत्यानं म्हणलं पोरीच्या जातीला हे शोभत नाय, तर मी मान हलवली. तू तिथंच बसली होती, हात झोळीत घालून. का ऐकून घेतलं?

संस्कृती: तुम्ही परत भिंतीकडं तोंड करून झोपाल म्हणून. मला खांद्यापेक्षा त्याची भीती जास्त वाटत होती. अजून वाटतीये.

बद्रीनाथ: माझ्यामुळं तुझं हाड मोडलं.

संस्कृती: हो, पप्पा.

बद्रीनाथ: बोललीस ते बरं केलं.

जहांगीर: पाणी घ्या, भाऊ.

बद्रीनाथ: तुम्हाला काय तोंड दाखवू मी? भांडायला आलो होतो. अख्ख्या ग्रुपला सांगणार होतो की यांच्याकडं चाकं देऊ नका. आन तुम्ही पोरीपायी स्वतःचं नाव बुडवायला बसला होता.

जहांगीर: खरं सांगू? मला राग आला होता तुमचा. अजून आहे. ब्रेक बसवायच्या आधी एक फोन केला असता, तर मी दोन मिनिटांत सांगितलं असतं. पण तुम्ही मला विचारणार कसे, तुम्ही तर साहेब.

बद्रीनाथ: व्हय. विचारायला कमीपणा वाटला. आठ महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी माझ्या हातानं होत होतं.

जहांगीर: झालं ते झालं. लांब हातांचा सेट पडलाय माझ्याकडं. बसवून टाका आजच. तुम्हीच बसवा.

बद्रीनाथ: नाय. मी आता कशालाच हात लावणार नाय. तुम्ही बसवा, मी पैसे... नाय, मी बाहेर थांबतो.

संस्कृती: मग मी बसणार नाही त्याच्यावर.

बद्रीनाथ: संस्कृती, हट्ट नको करू.

संस्कृती: हट्ट नाही. तुम्ही बाहेर थांबला तर मी घाटात ब्रेक दाबीन आणि मनात येईल, पप्पा आत्ता झोपलेत का उठलेत. अशानं मी उतरू शकत नाही.

बद्रीनाथ: आन परत चुकलं तर?

संस्कृती: आता चाचांसमोर बसवायचा. आणि मी पण बघणार.

जहांगीर: आणि बसवायचा नंतर. आधी मोजायचा. या इकडं. नवं चाक लावलेलंच आहे. ही पट्टी घ्या, चिमट्याच्या भोकाच्या मधोमध धरा. तिथून सरळ खाली या, रिमवर जिथं रबर टेकणार तिथपर्यंत.

बद्रीनाथ: नीट मधोमध आली का पट्टी, बघा.

जहांगीर: दोन्ही हातांनी धरा. कुणी घाई करत नाही तुम्हाला.

बद्रीनाथ: संस्कृती, इकडं ये. मी धरतो, तू वाच.

संस्कृती: त्रेपन्न.

जहांगीर: या सेटवर लिहिलंय सत्तेचाळीस ते सत्तावन्न. आरामात बसतंय.

बद्रीनाथ: परत वाच.