कंसातले शब्द

(कोळवण, २००४. रविवारची दुपार. निवृत्त संस्कृत शिक्षक दयानंद, हिंजवडीत नोकरी करणारी त्यांची मुलगी मृण्मयी, आणि भाकऱ्या थापणाऱ्या गंगूबाई.)

मृण्मयी : हे बघा, तुमच्या अनुवादाचं पान बारा. ‘(तो) म्हणाला.’ हे समजलं. मूळ पोथीत ‘तो’ नाही, मराठीत लागतो, म्हणून कंसात.

दयानंद : अध्याहृत म्हणतात त्याला. ऐकणाऱ्याला कळणारच, म्हणून गाळलेला शब्द. अनुवादात तो भरायचा, पण कंसात. आपल्या पदरचा आहे हे लपवायचं नाही. यात चुकलं कुठं?

मृण्मयी : बारावर काहीच चुकलं नाही. मी टाइप करत पुढं गेले. पान एकसष्ट. मुळात नुसतं ‘बसला’. तुम्ही लिहिलंय, ‘(ओट्यावर एकटाच) बसला.’

दयानंद : दुसऱ्या कुणाचा उल्लेख नाही. म्हणजे एकटाच.

मृण्मयी : आणि ओटा?

दयानंद : माणूस कुठंतरी बसणारच ना.

मृण्मयी : बरं. पान त्र्याऐंशी. ‘(कालचा भात फोडणीला टाकून) जेवला.’ ऋषी, बाबा. तपाला बसलेला.

गंगूबाई : आता गं बया. रोज सांजच्याला ताजी भाकर करून ठिवते मी, अन् भात कोन खातंय?

दयानंद : गंगूबाई, हे पोथीतलं चाललंय. कंसातलं.

गंगूबाई : कंस म्हंजी किस्नाचा मामा?

मृण्मयी : नाही हो मावशी. शब्दाला दोन्ही बाजूंनी कुंपण घालतात, ते.

गंगूबाई : आसंल. पर भाकर तशीच ऱ्हातीया, ह्ये तुमास्नी सांगनारच व्हते, ताई. एकल्याला घास उतरत न्हाई.

मृण्मयी : बाबा, उद्या हे प्रकाशन संस्थेकडं जाणार, परवा छपाईला. असंच छापलं तर लोक हसतील. जन्मभर शिकवलंत, त्याची थट्टा होईल. मी गुपचूप डिलीट करू शकले असते, दोन मिनिटांचं काम. हात धजेना.

दयानंद : मग आता कर. विचारतेस कशाला?

मृण्मयी : फोनवर यातलं काही बोलला नाहीत कधी.

दयानंद : फोनवर तू विचारतेस, ‘ठीक?’ मी म्हणतो, ‘ठीक.’ तेवढ्यात तुझी कॅब येते. बाकीचं अध्याहृत.

मृण्मयी : इतकं जवळ राहून महिन्यातून एकदा येते मी. लाज वाटते मला, बाबा.

दयानंद : तुला बोल लावत नाही. तुझी आई होती तेव्हा अर्ध्या शब्दावर चालायचं. ‘अगं, ते’ म्हटलं की चष्मा हातात यायचा. आता सगळं पूर्ण वाक्यात बोलावं लागतं, आणि बोलायला कुणी नसतं. समोर कागद होता.

मृण्मयी : एक राहिलंय. पान सत्त्याण्णव. मुळात एकच शब्द, ‘गेली’.

दयानंद : ते वाचू नकोस.

मृण्मयी : ‘(मला न उठवता) गेली.’ या पोथीत ‘मी’ कुठंच नाही, बाबा.

दयानंद : गंगूबाई, शेळी वालाच्या वेलात शिरली वाटतं. जरा बघता?

गंगूबाई : शेळी तर बांदलेली हाय, मास्तर. बरं, बसते मी भाईर.

मृण्मयी : गेल्या त्या. बोला.

दयानंद : सकाळी हात लागला, तेव्हा तुझी आई गार पडली होती. शेजारी झोपलो होतो मी. दुसऱ्यांनी गाळलेले शब्द शोधत बसलो आयुष्यभर, आणि तिनं हाक मारली की नाही, एवढंही मला माहीत नाही.

मृण्मयी : डॉक्टर म्हणाले होते, झोपेतच गेली. तिला कळलंही नसेल.

दयानंद : ते आपण कंसात घालतोय. मुळात तिनं काहीच सांगितलेलं नाही.

मृण्मयी : मग इथं काय लिहू?

दयानंद : स्त्रीलिंगी, एकवचनी. मागच्या ओळीत तारे मावळलेत. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. ‘(रात्र) गेली.’

मृण्मयी : लिहिलं. पुढचा शब्द ‘उठला’. इथं कंसच नाही. कोण उठला, तेही नाही.

दयानंद : ती गेल्यावर उठून काय करायचं? तिथं काय घालावं, सुचलं नाही.