रुमालातलं शेपूट

प्राण्यांच्या दवाखान्यात मांजराची टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या बाईंचे कान आपसूक डॉक्टरांच्या खोलीच्या दाराकडे लागले. तिथे एक म्हातारा हातात डबा घेऊन उभा होता.

"डॉक्टर, ही माझ्या मुलानं पाळलेली पाल. शेपूट तुटलं. रुमालात आणलंय, शिवता येईल ना?"

"नाही हो काका. नवं येईल, पण आधीसारखं नाही. कुणी धरलं होतं?"

"मीच. सारखा गोंजारत होतो."

"म्हणूनच बिथरलीय. आता हात लावू नका, डबा झाकून ठेवा."

"त्याच्या हातावर तासन्‌तास बसायची."

"मग त्यालाच बघू द्या ना."

"तो गेला. मागच्या महिन्यात."

"...काका, त्याचा एखादा न धुतलेला शर्ट आहे? तो घाला डब्यावर. त्याच्या वासानं शांत होईल ती."

"एकच उरलाय. बाकीचे हिनं धुऊन टाकले. उशाशी घेऊन झोपतो मी... बरं. घालतो डब्यावर."