पाणी चोवीस

सासूबाई : चोवीस! त्या फळ्यावर खडूनं लिहिलंय बघ, पाणी चोवीस. आणि फळ्याखाली हा ढीग, रबरी सदऱ्यांचा. चोवीसच्या पाण्यात लोक काय करतात ठाऊक आहे? आंघोळ करतात.

सून : आई, हळू बोला. हे पोहण्याचे सूट देणारा माणूस इथेच उभा आहे.

सासूबाई : उभा राहू दे. त्याचं पोट यावरच चाललंय. माझ्या तलावात ऐन थंडीत अठरा अंश असायचं. अठरा! आणि सकाळी सहाला चाळीस पोरं रांगेत उभी. एकाच्याही अंगावर असलं टायर नव्हतं.

सून : ती मुलं शर्यतीला उतरायची. आपण मासे बघायला आलोय.

सासूबाई : मग? मासे काय पांघरूण घेऊन बघायचे?

नात : आई, माझी चेन पाठीमागे आहे. हातच पोचत नाही.

सून : वळ. पोट आत घे. अजून. हं, झालं. गळ्याशी काचतंय का?

नात : थोडंसं. पण छान वाटतंय. कुणीतरी घट्ट धरून ठेवल्यासारखं.

सासूबाई : घट्ट धरून! बत्तीस वर्षं पोहायला शिकवलं मी, आणि माझी नात पाण्यात उतरणार ती अशी गाठोडं बांधून. आणि हा कपडा तरी कसला म्हणायचा, जो आपला आपल्याला घालताही येत नाही? ते जोडपं बघ तिकडे. तासाभरापूर्वी आपल्या मोठ्या जहाजावर ताटं भरभरून खात होतं. आता दोघांना मिळून एक पाय आत घालता येत नाहीये.

सून : चिमणे, तू पुढे जाऊन चष्मा निवड. छोटा घे, तुझ्या नाकावर नीट बसेल असा. जा बाळा. ... आई, आता ऐका माझं. ती अकरा महिन्यांनी पाण्यात उतरतेय.

सासूबाई : मोजून ठेवलेत वाटतं.

सून : हो, मोजलेत. शाळेची सहल सोडली तिनं, का, तर तिथे नदी होती. घरी आंघोळीला गरम पाण्याची वाफ दिसल्याशिवाय दारातून आत येत नाही. आज सकाळी जहाजाच्या कठड्याशी उभी राहून आपणहून म्हणाली, ‘थंडी वाजणार नसेल तर मी येते.’ तेवढीच अट. मी शब्द दिलाय तिला. आज ती कुडकुडत बाहेर आली ना, तर पुन्हा कधी पाण्याला पाय लावणार नाही.

सासूबाई : म्हणजे खापर माझ्यावर.

सून : मी तसं म्हटलं का?

सासूबाई : तू म्हणत नाहीसच काही. तुझं सगळं बोलणं कपाटाच्या दारांशी. धाडकन, धाडकन. मी म्हातारी असेन, बहिरी नाही. थंडी डोक्यात असते, बाईसाहेब. पाच मिनिटं हातपाय मारले की जाते.

सून : तो माणूस मघाशी काय म्हणाला? इथे हातपाय मारायचेच नाहीत. तोंडात नळी धरून पालथं पडून राहायचं. हललं की मासे पळतात. आणि न हलता अर्धा तास पडून राहिलं की हेच कोमट वाटणारं पाणी अंगातली ऊब ओढून घेतं.

सासूबाई : त्यानं आयुष्यात कुणाला पोहायला शिकवलंय? ऊब ओढून घेतं म्हणे! माझ्याकडे एकच नियम होता. अंगठा करंगळीला टेकतोय तोवर कुणी शिडीला हात लावायचा नाही. टेकेनासा झाला की बाहेर. विषय संपला. तुमचे ते फळे नि आकडे कधी लागले नाहीत मला.

सून : तुमच्यासाठीही एक सूट बाजूला ठेवायला सांगितलाय मी. मधल्या मापाचा.

सासूबाई : मला? मला सूट?

सून : वर्षभरात तुमचे कपडे मी तीनदा शिवून आत घेतलेत. हा पोहण्याचा पोशाखसुद्धा निघायच्या आधी बाजूंनी शिवला. घरी भर दुपारी पंखा बंद करता आणि म्हणता, आवाज करतो.

सासूबाई : करतोच तो आवाज. तुझ्या नवऱ्याला विचार. तीन वर्षांचा होता, याहून गार पाण्यात ढकललं होतं मी त्याला.

सून : तुमचा मुलगा धाकट्या बाळाला पोटावर घेऊन जहाजावर लोळत पडलाय. इतकं चांगलं पोहता येतं त्याला. तरी आला नाही. का, ते कधी विचारलंत?

सासूबाई : आळशी आहे. बापावर गेलाय.

सून : बरं.

सासूबाई : ‘बरं’ म्हणू नकोस मला त्या सुरात.

नात : आई, हा चष्मा बसला! आजी, तुझा सूट कुठेय?

सासूबाई : माझी कातडीच माझा सूट. चल, टायरबाई, व्हा पुढे. बघू तुमचे मासे.

(पंचवीस मिनिटांनंतर. तिघी पाण्यातच, बोटीच्या मागच्या शिडीला धरून.)

नात : आई, आई, तो पट्ट्यांचा पाहिलास? पिवळा! माझ्या काचेला नाक लावून थांबला होता! मी श्वाससुद्धा हळू घेतला. आणि खाली ते जांभळं झुडूप हलत होतं, आणि त्यातून एक एवढासा...

सून : पाहिला गं, पाहिला. थंडी?

नात : कसली थंडी? आपण परत जायचं ना? त्या खडकाच्या पलीकडे जायचं ना?

सून : जायचं. दोन मिनिटं दम खा. आई, तुम्ही ठीक आहात ना?

सासूबाई : मला क... काय धाड भरलीय? ती मंडळी बघ. द... दहा मिनिटांत बोटीला लटकली. सूट घालून. पैलवान सगळे.

नात : आजी, तू सारखे पाय का मारत होतीस? तुझ्यामुळे मासे पळाले.

सासूबाई : सवय आहे मला. ओंडक्यासारखं पडून राहायला मी काय...

नात : तुझे ओठ बघ.

सासूबाई : मीठ लागलंय.

नात : मीठ निळं नसतं. हात दाखव. अंगठा करंगळीला लाव.

सासूबाई : चिमणे, मला शिकवू नकोस. तो नियम कुणाचा आहे?

नात : तुझाच. लाव ना.

सासूबाई : हे घे. ... थांब. शिडी धरून धरून बोटं आखडलीत जरा. ... टेकतोय की.

नात : नाही टेकत. मधे जागा आहे. माझं बोट जातंय त्यातून. हे बघ.

सून : आई, चला वर. माझा हात धरा.

सासूबाई : दोन मिनिटं दे मला, ह... होईल नीट.

नात : आजी, तेव्हा तुझ्या तलावात माझ्या बोटांत पण एवढीच जागा राहत होती. मी हात वर करून दाखवला होता तुला. तू म्हणालीस, नाटकं करू नकोस.

सून : चिमणे, ते आत्ता नको.

नात : आणि मग मी पोहत राहिले. मग मला पायच सापडेनात.

सून : आई, शिडीवर पाय ठेवा आधी. बोलू नंतर. हं, अजून एक. बसा इथे. टॉवेल घ्या. घट्ट.

सासूबाई : ... मला दिसला होता तुझा हात.

नात : दिसला होता?

सासूबाई : स्वच्छ दिसला होता. माझी शेवटची तुकडी होती ती. काठावर चाळीस पोरं. बाईंची नात सगळ्यांच्या आधी बाहेर, हे मला नको होतं. म्हणून म्हटलं, नाटकं करतेस. ... काय बघतेस तोंडाकडे? आता हिंमत आहे तर तूही म्हण की मला, नाटकं करू नकोस.

नात : नाही म्हणणार. तुला खरंच थंडी वाजतेय.

सून : चिमणे, तू बोटीत ये. मी आजीजवळ थांबते. आपले मासे झाले आज.

नात : पण तो खडक...

सासूबाई : झाले कसे? कोण म्हणतं झाले? पोरगी अकरा महिन्यांनी उतरलीय पाण्यात आणि तुम्ही माझ्या पायी तिला वर काढता? काही नको. सूनबाई, तो मधला टायर कुठे ठेवलाय म्हणालीस?

सून : आहे, बोटीतच. पण आधी पूर्ण ऊब येऊ दे अंगात. नाहीतर काठावरच बसा, आम्ही जाऊन येतो.

सासूबाई : काठावर बसून फार झालं माझं. आण तो. ... शी, काय वास मारतोय. कुणाकुणाचे पाय गेले असतील यात. हा पाय म्हणायचा की बाही?

सून : पाय. ओढू नका, सरकवा. मी धरते, तुम्ही माझ्या खांद्यावर भार द्या. द्या हो, मी नाही मोडत.

सासूबाई : एवढा ढगळ? मधला म्हणालीस ना?

सून : मधलाच आहे.

सासूबाई : ... हं.

सून : पुढच्या वेळी मला सांगत जा. पंख्याबिंख्याचं.

सासूबाई : तू आधी ती चेन लाव. बोलतेस फार.

नात : मी लावते! आजी, वळ. पोट आत घे. अजून. ... झालं. कसं वाटतंय?

सासूबाई : टायरमधल्या ट्यूबसारखं. चल, उतर आता, तुझा तो पट्टेवाला वाट बघत नाही बसणार.

नात : अंहं. आधी अंगठा टेकू दे तुझा. थांबते मी.