पहिल्या हाकेला

मुलुंडला रक्त तपासायला गेले, तेव्हा शेजारच्या बाकावर मावशी-भाची बसल्या होत्या.

"मावशी, भुताच्या गोष्टी वाचतेस? भीती नाही वाटत?"

"राग येतो गं. नवीनच लेखक आहे. यात मेलेला नवरा दाराबाहेरून हाक मारतो आणि ही बया गप्प बसते."

"बरोबरच आहे ना! भूत दोनदाच हाक मारतं. तिसऱ्या हाकेलाच ओ द्यायची, तूच शिकवलंस."

"शिकवलं. पण तुझे काका गेल्यापासून मी पहिल्याच हाकेला ओ देते."

"वेडी आहेस काय?"

"ते एकदाच हाक मारायचे, अपूर्वा. ओ दिली नाही, तर तसेच पुढे निघून जायचे."

आतून नर्सने पुकारलं, "रत्नप्रभा..."

"ओ!"

आडनाव अजून यायचं होतं.